किरणं मारलेली पट्टी

"डायबेटिक फूट अल्सर आहे," पिरंगुटच्या डॉक्टरीणबाई माझा तळपाय वळवून म्हणाल्या. म्हणजे मधुमेहानं झालेली पायाची जखम. चपलेत खडा अडकला होता. त्याच्यावर मी दिवसभर हिंडलो आणि मला पत्ताच नव्हता. नसा बधिर झाल्या की असं होतं. ज्यांना साखर आहे त्यांनी चपला झटकून घालाव्यात आणि रोज तळपाय बघावेत.

"जखम भरली नाही तर बोटं काढावी लागतील." नंतरचे दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून गेले. रक्त तपासलं, पायाचा एक्स-रे काढला, जखम साफ केली. मग त्यांनी हायड्रोजेल लावलं. ही पॉलिमरची पट्टी असते, आत पाणी धरून ठेवणारी, शहाळ्यातल्या मलईसारखी गार. बंद पाकिटावर गॅमा किरण सोडले की पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतून जाळी होते. जंतूही मरतात.

"किरण त्यात राहत नाहीत, काका. पापडात ऊन राहतं का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे मला आधीच ठाऊक होतं. माझा धाकटा भाऊ बाळू भरे गावाजवळच्या कारखान्यात याच पट्ट्या बनवायचा. आई अंथरुणाला खिळली, पाठीला जखमा झाल्या, तेव्हा डॉक्टरांना विचारून त्यानं पट्ट्या आणल्या होत्या. आईचं सगळं मी करायचो. ती मात्र माझ्या हातचा घास गिळून विचारायची, "माझा बाळू आला का?"

मी पट्ट्या परत केल्या. "किरणं मारलेलं आईच्या अंगाला लावायचं न्हाई."

थोरल्यानं आईला किरणांपासून वाचवलं, असं भावकी अजून म्हणते. ते खोटं आहे. मला भीती नव्हतीच. तिला आराम पडला असता, तिनं बाळूचं नाव घेतलं असतं, ते मला सोसलं नसतं.

आता घरी पट्टी बदलायला बाळूच येतो. पहिल्या दिवशी पाकीट फाडताना थांबला.

"दादा, किरणं मारलेली हाय. चालंल नव्हं?"

"लाव गुमान."

"गार लागतंय का?"

"पायाला काय कळतंय?"

"आईला कळलं असतं," एवढं म्हणून तो पट्टीच्या कडा दाबत राहिला.

जखम भरत आली आहे. बोटं शाबूत आहेत. बायको येईल त्याला सांगते, "भावजींनी पाय वाचवला." खडा टोचलेला कळला नव्हता, तिचं हे बोलणं मात्र लगेच टोचतं.

पित्राला भावकी जेवायला येईल, तेव्हा बाळूसमोर खरं सांगणार आहे. आधी इथं लिहून ठेवलं, म्हणजे ऐनवेळी मला मागं फिरता येणार नाही.