अर्थ सांग, न्हायतर उचल

भूपालअण्णा 'झो' मांडायचे आणि मिशीत हसायचे. झेड आणि ओ, दोनच अक्षरं. पण झेडचे गुण एवढे, की माझा जिंकत आलेला डाव तिथंच बोंबलायचा.

"असला शब्द कुठं असतोय व्हय?" मी चिडायचो.

"असतोय की! याक बाप, गाय आई. तिकडं डोंगरात ओझी वाहतंय."

आतून त्यांच्या पत्नी सुशीलाक्का विचारायच्या, "दूध किती देतंय?"

उचगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. अण्णा हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. संध्याकाळी मी बँकेतून आलो, की त्यांच्या ओसरीवर इंग्रजी शब्दांच्या खेळाचा पट मांडलेलाच असायचा. एकेका सोंगटीवर एकेक अक्षर. ती जुळवून शब्द करायचा. मोठ्या शब्दांचं अण्णांना काडीचं कौतुक नव्हतं. "लांबलचक कुणीबी मांडतंय. दोन-तीन अक्षरांत अडकवून दाव!" आणि नुसतं मांडूनही भागायचं नाही. घरचा नियम होता, "अर्थ सांग, न्हायतर उचल." एकदा मी मोबाईलवरून पाठ केलेला शब्द ठेवला आणि अर्थावर अडलो. उचलायला लावला! भारी खवट म्हातारा.

मग अण्णांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग अंघोळ झाली की नाही, मग घराची गल्ली. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. खेळात रमतात तर रमू द्या. अक्कांनी तेवढंच धरून ठेवलं. मला म्हणाल्या, "भाऊ, एक दिस चुकवू नका. पटावर बसत्यात तवर माणूस माझ्या घरात हाय." मी रोज जायचो. उपयोग शून्य, हे मला दिसत होतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून नाही कसं म्हणणार?

गेल्या महिन्यात अण्णांनी झेड, ए, एक्स अशा सोंगट्या ठेवल्या. बोटांना अजून येत होतं. मग थांबले. अर्थ काही आठवेना.

"असू दे की अण्णा, बरोबर हाय," मी म्हणालो.

"नियम म्हंजे नियम." ते सोंगट्या उचलायला लागले.

"थांबा की!" अक्का आतून धावतच आल्या. "झॅक्स. छपराच्या दगडी पाट्या तासायचं हत्यार. तुम्हीच सांगितलंसा न्हवं?"

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी सोंगट्या परत जागेवर ठेवल्या. अक्का शेजारी टेकल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

अण्णा माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "ह्या बाई कोण रं? लई हुशार हायत की. चहा इचारलास का त्यास्नी?"

अक्कांनी पदर सारखा केला.

"नको," त्या म्हणाल्या, "घरनं पिऊनच आलोय."