हळदीआडची कावीळ

माझ्या लग्नात सगळ्यांत पिवळा मीच होतो, आणि त्याचं सगळ्यांना कौतुक वाटत होतं. नवरदेवाला हळद मस्त चढली म्हणून बायका एकमेकींना दाखवत होत्या. डोळ्यांतही गेली वाटतं, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा मीही हसलो. खरी गोष्ट अशी, की हळद लागायच्या आठ दिवस आधीपासून माझ्या तोंडाची चव गेली होती. फोडणीचा वास आला की मळमळायचं, उजव्या बरगडीखाली जड जड वाटायचं आणि लघवी काळ्या चहासारखी व्हायची. मे महिना होता. उन्हाळी लागली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. शिकलेला माणूस स्वतःला जितकं छान फसवतो, तितकं अडाण्याला जमत नाही.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी मालेगावकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. घर शेलूबाजारपासून दोन कोसांवर. घरात मी आणि माय, दोघंच. बाबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले होते, आणि पुढं काही वर्षांनी तेही एका तापात गेले. तेव्हापासून मला साधी शिंक आली तरी मायचा जीव खालीवर व्हायचा. म्हणून तिला सांगायची सोय नव्हती.

दुसरं कारण जास्त खरं आहे. मुलगी कामरगावजवळची, सातवी शिकलेली. बघायला गेलो तेव्हा आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं तिला पेपर वाचायला लावला. तिनं दोन बातम्या घडाघडा वाचल्या, पेपरची घडी घातली आणि मान वर करून मला विचारलं, की तुमच्या शाळेत पोरी किती येतात. माझ्या शाळेत तेव्हा तीन पोरी येत होत्या. मी सात सांगितल्या. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. पण तिचे आजोबा वारले आणि तारीख एकदा पुढं गेली. मधल्या माणसानं मला दोनदा ऐकवलं, की अकोल्याचा एक नोकरीवाला पोरगा टपून बसलाय, आता उशीर नको. अशा वेळी मला मळमळतं म्हणून कसं सांगायचं? मला तीच हवी होती. आता म्हातारपणी लाजायचं कशाला, सरळच लिहितो.

तर लग्न लागलं. पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील, हार, फुलं, सगळं रीतसर झालं. पंगतीत मी एक घास बुंदी खाल्ली आणि ती परतीच्या ट्रकमधून मंगरूळच्या रस्त्यावर ओकलो. नवरी माझ्या शेजारी बसली होती. तिनं पदराचं टोक ओलं करून माझ्या हातात दिलं. आमच्या संसारातली ही पहिली देवाणघेवाण.

हनिमूनचं खूळ हेडमास्तरांनी माझ्या डोक्यात भरवलं होतं. चार दिवस चिखलदऱ्याला जा म्हणाले, तिथं मे महिन्यातही थंडी वाजते. आमच्या गावात हनिमूनला गेलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. मी एक स्वेटर मागून आणला होता आणि ऐन उन्हाळ्यात तो दोरीवर वाळत घातला होता, त्यावरून सगळी आळी माझी टर उडवत होती. पण चिखलदऱ्याऐवजी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी शेलूबाजारच्या डॉक्टरांसमोर स्टुलावर बसलो. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि कावीळ म्हणून सांगितलं. तेल बंद, हळद बंद, महिनाभर पडून राहा, उसाचा रस प्या. मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून?

माय माझ्या डाव्या बाजूला उभी होती आणि नवरी उजव्या. मी म्हणालो, "कालपासून."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यांना पटलं नसावं. पण बाहेर रांग होती, त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. त्या एका शब्दाचं पुढं काय होणार हे मला तेव्हा कळलं नाही. दोनच दिवसांत कळलं.

आमचा हनिमून ओसरीवर झाला. बाजेवर मी आणि खाली ती, भाजी निवडत. हळदीशिवाय, तेलाशिवाय स्वयंपाक करायचा म्हणजे कोणत्याही सुगरणीची परीक्षाच. तिनं वरण शिजवलं तर ते पांढरंफटक, भाजी केली तर ती आजाऱ्यासारखीच दिसायची. पण तिनं कुठून कुठून लिंबू मिळवलं, जिरं भाजून चुरलं, आणि माझ्या जिभेला आठ-दहा दिवसांनी पहिल्यांदा काहीतरी कळलं. सकाळी ती रसवंतीवरून डबाभर रस आणवायची, फडक्यानं दोनदा गाळायची आणि मी पेला रिकामा करेपर्यंत समोर उभी राहायची. बोलायची कमीच. मी तिच्याकडं चोरून बघायचो आणि माझ्या मनात यायचं, की माणसानं आजारी पडावं तर असं.

शेजारच्या बायका मात्र बघायला यायच्या. नवरीला बघायच्या, मग मला, मग मायला. एक दिवस ती चुलीपाशी असताना त्यातली एक हलक्या आवाजात म्हणाली, की पोरगा कालपर्यंत घोड्यासारखा होता, पोरीचा पाय घरात पडला आन झोपला.  दुसऱ्या दिवशी त्याच अर्थाचा शब्द मायच्या तोंडून ऐकला. पायगुण. बाबांनी देव नदीत सोडले ते बरं केलं, पण पायगुण घरातच राहून गेला होता. भाकरी थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला, म्हणजे तिनं ऐकलं होतं. मी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. खरं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते बोललो असतो तर मायला, गावाला आणि तिच्या बापाला कळलं असतं, की मास्तरनं दुखणं लपवून पोरगी पदरात पाडून घेतली. फसवणूक म्हणून तिचा बाप तिला घेऊन गेला असता, तर मी कोणत्या तोंडानं अडवणार होतो?

चौथ्या दिवशी मायनं काविळीचं पाणी देणाऱ्याला बोलावलं. म्हातारा सज्जन माणूस, पैसा घेत नसे. चुन्याच्या निवळीत तो आजाऱ्याचे हात धुवायचा, पाणी पिवळं व्हायचं, आणि कावीळ उतरली असं मानायचं. त्यानं जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, परातीत निवळी ओतली, माझे दोन्ही हात धरून चोळले. पाणी लालभडक झालं. म्हातारा हात झटकून मागं सरला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही, हे काही येगळंच दिसते, असं तो पुटपुटला. त्याला कारण माहीत नव्हतं, तसं त्यानं कबूलही केलं. पण मायला ते कारण लगेच सापडलं. ती म्हणाली, पोरीच्या बापाले निरोप धाडतो, सव्वा महिना तिले माहेरीच राहू द्या. आमच्याकडं असा सव्वा महिना कधी कधी जन्मभर लांबतो, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

नवरी चुलीपासून उठून आली. परातीसमोर बसली आणि आपले दोन्ही हात त्या म्हाताऱ्याकडून मागून घेतलेल्या नव्या निवळीत बुडवले. तेही पाणी लाल झालं.

"आत्याबाई, तुमचेही हात घाला," ती मायला म्हणाली. मायनं सकाळीच स्वतःच्या भाजीपुरती हळद कुटली होती. तिनं नकळत बोटं पुन्हा बदललेल्या निवळीत घातली आणि तिसऱ्यांदा पाणी लाल झालं. "हळद हाय ते," नवरी म्हणाली. "यायची आंघोळ झाली नाही, अंगावरची हळद तशीच हाय. काल यायचा पांढरा सदरा सोडा लावून धुतला, तवा डाग असेच लाल झाले."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान पसरलं, की मला हसू आलं. मास्तर मी, विज्ञान शिकवणारा मी, आणि हे सातवी शिकलेल्या पोरीला दिसलं. पण मायचं समाधान झालं नव्हतं. भीती अशी चुन्याच्या पाण्यात धुवून निघत नाही. ती म्हणाली, "पाण्याचं राहू दे, बाई. पन आजार तर तू आल्यावरच आला ना?"

 याचं उत्तर फक्त माझ्याजवळ होतं. नवरीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा, काही संशय म्हणून नाही, सहज, आपल्या माणसाकडं बघतात तसं. आणि मी डोळे मिटून घेतले. या आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण त्या मिटलेल्या डोळ्यांची लाज मला अजून वाटते.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. निरोप पोचला होता. तसंही लग्नानंतर पोरीला परतणीला माहेरी न्यायची रीत होतीच, म्हणून ते पिशवीत चार वांगी न् एक पपई घेऊन आले होते. पाणी प्यायले, माझ्या कपाळावर हात ठेवून पाहिला. मग हा उंचापुरा, शेतात राबलेला माणूस मायच्या समोर उभा राहिला, डोक्याचं मुंडासं काढलं आणि हात जोडले. म्हणाले, "माह्या पोरीच्या पायानं तुमच्या घरात दुखणं आलं असंन, तर मी माफी मांगतो."

ती झाडू हातात घेऊन दारात उभी होती. बापाचे जोडलेले हात बघून तिनं खालचा ओठ दातांत धरला. सहा दिवसांत ती पहिल्यांदा रडायच्या बेतात आलेली मी पाहिली, आणि मग मात्र मला झोपून राहवेना.

मी बाजेवर उठून बसलो. म्हणालो, "मामाजी, हात खाली करा. दुखणं मले हळदीच्या आठ दिवस आधीपासून हाय. मी कोणाले सांगतलं नाही. सांगतलं असतं तर लगन पुढं गेलं असतं, आन तुमी पोरगी दुसरीकडं देली असती."

 माय भिंतीला टेकून बसली. मले काहून नाही सांगतलं रे, एवढंच तिनं विचारलं, आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला. मग ती उठली, सुनेजवळ गेली आणि तिच्या हातातला झाडू काढून घेऊन स्वतः ओसरी झाडू लागली. माफी मागायची मायची तीच रीत होती.

तिच्या वडिलांनी मुंडासं पुन्हा बांधलं. माझ्याकडं न बघता ते लेकीला म्हणाले, की चार वाजताची यष्टी हाय, तुले यायचं असंन तर चाल, कोणी अडवणार नाही. मी तिच्याकडं बघायचं धाडस केलं नाही. तिच्या पायांकडं बघत राहिलो. जोडव्यांच्या भोवती हळद अजून होती.

"तुमी जा बाबा," ती म्हणाली. "हे चालायले लागले का यायले घेऊनच येईन."

वडील गेले. तिनं रस गाळला, पेला आणून माझ्या हातात दिला, पण या वेळी उभी राहिली नाही. बाजेच्या ठाव्याला, म्हणजे पायाला, टेकून खाली बसली. मी रस प्यायलो. तिनं तोंड अंगणाकडंच ठेवलं होतं.

मग म्हणाली, "सहा दिवस मी ऐकून घेतलं. तुमीही ऐकत होते. बिमार नवरा चालते मले. मुका नाही चालत."

 चूक झाली म्हणणं फार थोडं वाटलं. शेवटी जे खरं होतं तेच बोललो. सांगितलं, की बरगडीखाली दुखतं, दोन आठवड्यांपासून दुखतं, कधी कधी श्वास अडतो, आणि बाबा असेच गेले होते म्हणून मला फार भीती वाटते. आणि शाळेत पोरी सात नाहीत, तीनच आहेत, हेही सांगून टाकलं.

ती वळली. "कुठं दुखते?" तिनं विचारलं.

मी तिचा हात धरला आणि दाखवलं.