भेग्याच्या बिळातली कणसं

गुंफामाय गेल्याची बातमी मला अमरावतीच्या कापूस बाजारात कळली. पातूरकडून आलेला आमच्या गावचा गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, “मास्तर, ते बिळं खोदणारी बुढी गेली पाय. आठ दिस झाले असन.” एवढं बोलून तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. त्याचं काही चुकलं नाही. गावाच्या लेखी ती बिळं खोदणारी बुढीच होती. मी मात्र गाडीच्या जुवाला हात लावून उभा राहिलो... मास्तरकी करताना प्राण्यांबद्दल जे जे मी मोठ्या ऐटीत सांगतो, त्यातलं निम्मंशिम्मं त्या बुढीनं शिकवलेलं आहे, हे त्या बाजारात कोणाला सांगणार?

ती माळ्याच्या घरची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. ओढ्याच्या काठाला तिच्या दिराची वांगी-मिरचीची बाग होती, तिच्या कडेला हिची झोपडी. ज्वारी निघाली, की डोक्यावर टोपलं, हातात एक लांब लोखंडी सळई घेऊन ती वावरं पालथी घालायची. मालकाला विचारायची, मगच बांध ओलांडायची. शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्या बाया पुष्कळ होत्या. उंदरांनी जमिनीखाली नेऊन ठेवलेली कणसं काढणारी आमच्या गावात ही एकटीच. सळई जमिनीत खुपसायची, मान वाकडी करून ती हळूहळू फिरवायची आणि म्हणायची, “इथं कोठी हाय.” खोदलं की खरोखर कोठी निघायची, आत कणसं नीट रचून ठेवलेली. सगळी ती कधीच घेत नसे. मूठभर परत आत ठेवून, वर माती लोटून, हात झटकत म्हणायची, “त्याचं बी घर हाय. सारं नेऊ नाही.”

बरीचशी बिळं तर ती न खोदताच ओलांडून जायची. मी एकदा विचारलं, तेव्हा माझ्या अडाणीपणाचं तिला नवल वाटलं. उंदीर म्हणजे काय सारे एकच? एक साठ्या, अंगानं राठ, स्वभावानं तापट, हा दाराशी मातीचा ढीग घालतो, आत शिरला की मातीनं दार बुजवतो आणि पोटात मावत नाही तेवढं साठवतो. दुसरा उड्या, मोठे डोळे, लांब शेपटीला टोकाशी केसांचा झुपका, एका घराला पळून जायला चार दारं. आणि तिसरा भेग्या. रेशमासारखे मऊ केस, गरीब प्राणी, उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडल्या की त्यांतच संसार मांडणारा. “भेग्या काईच ठेवत नाई,” ती सांगायची. “भेटलं तं जाग्यावर खाते, नाई भेटलं तं उपाशी निजते. त्याच्या घरी काय खोदाचं?” ही नावं तिचीच. दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी ती ऐकली नाहीत.

ती अमेरिकेतल्या लढाईची वर्षं होती. तिकडचा कापूस बंद पडला आणि विलायतेच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. ज्याच्या त्याच्या तोंडी कापूस. मी अमरावतीला चार बुकं इंग्रजी शिकून आलो होतो आणि अंगात वारं भरल्यागत हिंडत होतो. उंदीर कापसाची बोंडं कुरतडून सरकी खातात अशी ओरड झाली, म्हणून उंदरांचे प्रकार तपासायला एक साहेब अकोल्याला तंबू ठोकून बसले. त्यांना वही लिहायला माणूस हवा होता, तो मी झालो. वहीत रकाने होते: जात, नर की मादी, शेपटीची लांबी, दात, जागा, तारीख. साहेब पंधरवडाभर भिंग घेऊन बसले होते आणि भेग्या व साठ्याची पिलं यांची गल्लत करत होते. मी गुंफामायला तंबूत नेलं. तिनं शेपटीला धरून एकेक उचललं आणि भाजी निवडावी तशा दोन राशी केल्या. साहेबांनी कवट्या काढून दाढा पाहिल्या... एकही चुकला नव्हता.

साहेब खूश झाले. त्यांनी आपल्याकडच्या एका जाड बुकातली चित्रं तिला दाखवली. त्यांच्या थंड मुलखातला व्होल नावाचा प्राणी. बोथट तोंड, केसांत बुडालेले कान, आखूड शेपूट. “शेपूट कोनं कापली याची?” तिनं विचारलं. मग दाढांचं चित्र आलं, नागमोडी कंगोऱ्यांचं. तिनं त्याच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “हे गवत खाते. जात्याले टाकी लावल्यावानी दाढ हाय. दाना खानाराले येवढं काय करायचं?” मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा साहेबांनी बुकातून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी लेमिंगची गोष्ट सांगितली, की हे व्होलचेच भाऊबंद, काही वर्षांनी बेसुमार वाढतात आणि थवेच्या थवे घर सोडून निघतात. ती म्हणाली, “खायाचं सरलं असन, बापू. सुखाचं घर कोन सोडते?” नंतर पाण्यात राहणारा, उभ्या चपट्या शेपटीचा मस्करॅट दाखवला आणि साहेब म्हणाले, हा तर तुमच्या घराघरांतही असतो. त्यांना चिचुंद्री म्हणायची होती. दोघांच्याही अंगाला वास, म्हणून त्यांचे लोक तिलाही त्याच नावानं ओळखत. गुंफामाय पदर तोंडाला लावून हसली. “साहेबाले सांग, चिचुंद्री उंदीर नोहे. उंदराले समोर कुरतडाचे दात असते, ते मरेपर्यंत वाढते. चिचुंद्रीले बारीक टोकदार दातांची वळच हाय. किडे खाते बिचारी.” साहेबांनी ते तपासून मान्य केलं. मी ते वहीत असं लिहिलं, जणू शोध मीच लावला होता.

त्याच साली मी घरात एक अपराध केला. बाबांच्या मागे लागून मी सगळ्या वावरात कापसाची पऱ्हाटी लावायला लावली. “एक पट्टा ज्वारीचा राहू दे,” बाबा म्हणत होते. मी त्यांना अडाणी ठरवलं, तेही चारचौघांत. सगळ्यांनीच कापूस लावला, धान्य महाग झालं, आणि चैत्रात आमच्या घरातली ज्वारी संपली. आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसं तेवढी उरली होती. आई आजारातून उठलेली, धाकटी बहीण माहेरपणाला आलेली. मीच ती कणसं उतरवली आणि कांडायला दिली. ती आमच्या आजोबांच्या आधीपासूनची ज्वारी, पाऊस लांबला तरी तग धरणारी, टपोऱ्या पांढऱ्या दाण्याची. बाजारात परमुलखातली ज्वारी मिळत होती, पण तिचा भरवसा कोणी सांगावा? शेजाऱ्यापुढे पदर पसरणं बाबांच्या रक्तात नव्हतं. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एकदा म्हणाले, “बियानं खाल्लं आपण,” आणि त्यानंतर पुष्कळ दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. मी घरात चोरासारखा वावरत होतो.

गुंफामायला हे कसं कळलं कोण जाणे. गावात काय लपतं? पाऊस पंधरा दिवसांवर आला असताना एका सकाळी ती आमच्या दारात उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, “आबाजीभाऊ, तुमच्या वडाकडच्या बांधाले कोठी लागली. तुमच्याच जुन्या ज्वारीची दिसते. तुमचं हाय, तुमी घेऊन जा.” आम्ही बापलेक तिच्यामागे गेलो. बांधाखाली तिनं आधीच हातभर खोदलं होतं, टोपलं अर्धं भरलं होतं, आणि ती गुडघ्यावर बसून आतून आणखी कणसं काढत होती. पांढरी, टपोरी... आमचीच. मला रडू कोसळलं. तेवढ्यात शेजारच्या भेगेतून एक उंदीर निसटला आणि मी सवयीनं त्याच्यावर टोपी टाकली. तंबू उठवून गेलेले साहेब पावसाळ्यानंतर परत येणार होते आणि तोवर नोंदी ठेवायला वही माझ्याकडे होती. बाबांनी एक कणीस उचललं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. गुंफामाय खाली पाहत होती. शेवटी ते म्हणाले, “उंदरानं राखलं म्हनाचं आपलं बी.” ती म्हणाली, “व्हय भाऊ. उंदरानंच.” मूठभर परत ठेवायच्या तिच्या रीतीची मी तिला आठवण करून दिली, तर ती घाईनं माती लोटत म्हणाली, “आज नोको. आज सारंच तुमचं.” घरी येताना बाबा माझ्याशी बोलले. काय पेरायचं, कुठं पेरायचं, एवढंच, पण बोलले.

ती ज्वारी उगवली आणि आजही आमच्या घरात आहे. साहेब काही परत आले नाहीत. कापसाचा तो तेजीचा बहरही ओसरला, मी अमरावतीला मास्तर झालो. दर हंगामाला, ज्वारी कापली की बाबा त्या बांधावर कणसांनी भरलेलं एक टोपलं ठेवत. “उंदराचा वाटा,” ते म्हणत. सायंकाळपर्यंत टोपलं रिकामं होई. मी सुट्टीला गेलो की गुंफामायच्या झोपडीशी जाऊन बसायचो. ती विचारायची, “बापू, ते शेपूटकाप्याचं काय झालं? थंडी सोसते का त्याले?” मी तिला त्या व्होलबद्दल बुकांतलं काहीबाही सांगायचो. एवढ्या वर्षांत त्या कोठीचा विषय तिनं एकदाही काढला नाही.

बातमी कळली त्या दिवशी घरी येऊन मी ती वही काढली. तिचं चित्र नाही, सही नाही. तिचं म्हणून जे काही या जगात लिहिलेलं आहे ते त्या वहीतच. पान उलटता उलटता शेवटच्या नोंदीवर आलो. जागा, वडाकडचा बांध. मादी. मऊ केस. जात, भेग्या. अक्षर माझंच. वही मिटता मिटता मी थांबलो, परत त्या ओळीवर आलो... त्या बांधाशी साठ्याचा मातीचा ढीग नव्हता. बुजवलेलं दार नव्हतं. भेग्या काही ठेवत नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. मग ती कणसं तिथं आली कुठून?

शाळेतून रजा घेऊन मी गावी गेलो. वही बाबांपुढे उघडली आणि मोठा उलगडा करून सांगतो आहे अशा थाटात सगळं सांगितलं. बाबा तंबाखू मळत होते. मळून झाल्यावर म्हणाले, “येवढी वर्सं लागली तुले?”

“म्हणजे? तुमाले मालूम होतं?”

“कणसाले चुलीच्या धुराचा वास येत होता रे. बिळात कोनी चूल पेटवते का? तिच्या आढ्याची कणसं होती थे. पावसाळाभर खायासाठी ठेवली होती तिनं. आदल्या साली आपल्याच वावरातून खोदून नेलेली, पन तिच्या हक्काची. दारावर आनून देली असती तं म्या घेतली नसती, हे तिले ठाऊक होतं. म्हनून उंदराचं नाव सांगतलं.”

“मंग तुमी काहून बोलले नाई?”

“ते बोलली का? मी बोललो असतो तं तिनं येवढा खटाटोप केला कशासाठी?” त्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. “अन् मी दरसाल टोपलं कोनासाठी ठेवत होतो? उंदीर काय भरलं टोपलं एका दिसात उचलते?”

चार बुकं शिकलेल्या मला लाज वाटली आणि, खरं सांगतो, दोघांचा हेवाही वाटला. दहा-बारा वर्षं त्या दोन माणसांनी एकमेकांना धान्य दिलं, आणि मध्ये नाव घेतलं एका मऊ केसांच्या उंदराचं, ज्यानं उभ्या जन्मात एक दाणा साठवला नाही.

यंदाची ज्वारी परवाच कापली. मी अजून गावीच आहे. बाबांनी टोपलं भरलं आणि बांधावर नेऊन ठेवलं. सायंकाळी गेलो तर टोपलं जसंच्या तसं होतं. “राहू दे,” बाबा म्हणाले. दुसऱ्या सकाळी आम्ही पुन्हा गेलो. टोपलं तसंच भरलेलं होतं, फक्त काठावरच्या एका कणसाचे दाणे गेले होते आणि खाली ताजी फोलपटं पडली होती. बाबांनी वाकून ती बोटानं चिवडली. “पाय बापू,” ते म्हणाले, “भेग्या होय. नेलं नाई, इथंच बसून खाल्लं.” मग ते बांधावर खाली बसले आणि दुपट्ट्यात तोंड लपवून रडू लागले.