कल्चर कुणी खाल्लं?

"मॅडम, सही करा आणि विषय संपवा," आमचे साहेब म्हणाले. रिपोर्ट टाइप करून तयार होता. 'पॅकिंग कामगाराच्या अस्वच्छ हातांमुळे बॅच खराब.' कामगार म्हणजे संगीताबाई. कळंबजवळच्या आमच्या जैविक खतांच्या युनिटमध्ये अकरा वर्षं पाकिटं भरणाऱ्या. मी सही केली की त्यांचं काम जाणार होतं.

मी पेनाला टोपण लावलं. "नाही करणार."

"तुम्ही मायक्रोबायोलॉजिस्ट का वकील?"

"मायक्रोबायोलॉजिस्ट. म्हणूनच."

आम्ही रायझोबियमचं कल्चर बनवतो. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरून झाडाला नत्र पुरवणारे हे जिवाणू. ते कोळशासारख्या काळ्या भुकटीत मिसळून पाकिटात भरायचे. भुकटीला आम्ही कॅरिअर म्हणतो. त्या बॅचमधले जिवाणू पाकिटातच मरत होते आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली होती.

बॅचचा नमुना मी प्लेटवर वाढवला होता. प्लेट म्हणजे जिवाणूंसाठी खाणं ओतलेली काचेची बशी. हात घाण असले तर तिच्यावर परके जिवाणू आपल्या जिवाणूंशेजारी वाढतात. इथं शेजारी कुणीच नव्हतं. आमच्या रायझोबियमच्या पांढऱ्या थरालाच भोकं पडली होती आणि ती रोज मोठी होत होती. हे घाणीचं काम नव्हतं. कुणीतरी जेवत होतं.

"दहा दिवस द्या," मी म्हणाले.

"दिले. नाही सापडलं तर त्यांच्यासोबत तुम्हीही घरी."

भोकाची कड मायक्रोस्कोपखाली धरली आणि खरं सांगते, साहेबांचा राग विसरले. बारीक काड्यांसारखे जिवाणू कळपानं सरकत होते. मिक्सोबॅक्टेरिया. मातीतले शिकारी. यांना ना तोंड, ना दात. सावजाला खेटायचं, अंगातून पाचक रस सोडायचे, सावज फुटलं की आतलं सगळं शोषून घ्यायचं. खाणं संपलं की सगळे एका जागी गोळा होतात, नारिंगी टिपके बांधतात आणि त्यात झोपून राहतात. मला त्यांचा राग येईना. बिचारे आपलं काम चोख करत होते.

पण आले कुठून? मी टेबल तपासलं, कॅरिअर तपासलं, संगीताबाईंचे हात तपासले. मग एक प्लेट साहेबांसमोर ठेवली.

"हात तपासायचे तर सगळ्यांचे. टेकवा बोटं."

त्यांनी टेकवली. चेहरा बघण्यासारखा होता.

रायझोबियमच्या थराला भोकं पाडली ती फक्त मागच्या अंगणात वाळवलेल्या कॅरिअरनं. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे आमच्या मोठ्या कुकरमधून, नुकतंच काढलेलं कॅरिअर स्वच्छ होतं.

"मॅडम, तिथं मेंढ्या बसल्या व्हत्या की," संगीताबाई म्हणाल्या. "लेंड्या वरवर झाडल्या अन् ताडपत्री हातरली. म्या तवाच म्हणले, इथं नको. माजं कोण ऐकतंय?"

आमच्याकडं शेताला खत मिळावं म्हणून मेंढपाळाचा कळप रानात मुक्कामी ठेवतात. साहेबांनी युनिटमागच्या आपल्या मिरचीसाठी तो बसवला होता. आणि लेंडी म्हणजे या शिकाऱ्यांचं आवडतं रान.

मी तिथली एक लेंडी उचलून रायझोबियमच्या प्लेटवर ठेवली. दहापैकी नवव्या दिवशी तिच्याभोवती थर गायब होता आणि लेंडीवर नारिंगी टिपके उठले होते. प्लेट तशीच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

त्यांनी प्लेट हातात घेऊन फिरवली. "मग रिपोर्टमध्ये काय लिहायचं?"

"जे झालं ते. मेंढ्या साहेबांनी बसवल्या."

लिहिलं. सही केली. ती बॅच साहेबांच्या मिरचीत गेली. नवीन बॅचचं कॅरिअर बंद खोलीत ट्रेमध्ये वाळवलं आणि पाकिटं पेरणीला कशीबशी पोचली. संगीताबाई अजून पॅकिंगलाच आहेत. साहेबांनी त्यांची माफी मागितली नाही. याचा मला अजूनही संताप येतो.

प्लेटवर काय उगवलं एवढंच बघू नये, काय नाहीसं झालं तेही बघावं, हे मी शिकले. साहेब काय शिकले ते माहीत नाही. पण रिपोर्टला मी हातांच्या प्लेटचे फोटो जोडले होते. संगीताबाईंच्या प्लेटवर परक्या जिवाणूंचे तीन ठिपके होते. साहेबांच्या प्लेटवरचे मोजता आले नाहीत. आता बॅच बिघडली की ते आधी हात धुऊन येतात, मग बोलतात.