पोरीचा भाव मीच पाडला

त्याने माझ्या पोरीचं सीईटीचं गुणपत्रक हातातही घेतलं नाही. पेनच्या टोकाने जवळ ओढलं, पाहिलं आणि पेननेच परत ढकललं.

"एक्केचाळीस पर्सेंटाईल. आणि म्हणे कॉम्प्युटर पाहिजे," तो क्लार्ककडे वळून म्हणाला. "बघा राव!"

क्लार्क हसला.

हा संस्थाचालकांचा पुतण्या. इथल्या जुन्या गावातलं घराणं. जमिनी कंपन्यांना गेल्या, त्या पैशातून हे इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याने बसा म्हटलं नाही, आम्ही बसलो नाही. आडनाव विचारलं. सांगितलं. मग त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं.

"काय करता?"

"चाकणच्या कंपन्यांतून माल ठेवायचे जुने लाकडी पॅलेट उचलते. स्वतःचा टेम्पो आहे."

"म्हणजे भंगारवाली."

होय, भंगारवाली. बीडकडून आले तेव्हा रस्त्यावरचे पुठ्ठे वेचत होते. आज कंपनीच्या स्टोअरवाल्याशी भांडून माल उचलते. आमच्या धंद्यात घेणाऱ्याने आधी मालाला नावं ठेवायची असतात. पॅलेटला लाथ मारायची. सडलंय म्हणायचं, खिळे गंजलेत म्हणायचं. मग भाव उतरतो. हे माझ्या अंगात मुरलंय.

"सरकारी कॅप राउंडच्या नादी लागू नका," तो म्हणाला. "एवढ्या मार्कांत त्या यादीत कुठेच नंबर लागायचा नाही. मॅनेजमेंटची सीट देतो. आजच कागद जमा करा."

त्याने आकडा सांगितला. तो ऐकला आणि माझं तोंड आपोआप सुटलं.

"साहेब, जास्त होतात. पोरगी काही हुशार नाही. अर्धं वर्ष क्लासलाच गेली नाही. डोकं बेताचंच. अशा पोरीसाठी एवढे कोण देतं? कमी करा."

"मम्मी, थांब ना," पोरगी हळूच म्हणाली.

"तू गप. भाव मला कळतो."

ती क्लासला का गेली नाही? माझा पाय पॅलेटखाली सापडला होता. तेव्हा गोडाऊन तिने सांभाळलं. माल उतरवून घेतला, मला उचलून दवाखान्यात नेलं. ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाव वाढला असता.

"आईच म्हणते डोकं बेताचं," तो हसला. "मग आम्ही काय बोलायचं?"

त्याने थोडे कमी केले. मी मूळ मार्कलिस्ट, जातीचा दाखला, सगळं त्याच्यापुढे ठेवलं. शिष्यवृत्तीचं विचारलं.

"ते नंतर बघू. तुम्हा लोकांना सगळं फुकटच लागतं."

यावरही मी हसले. सौदा जमत आला की समोरच्याला चिडवायचं नसतं.

फाटकाबाहेर टेम्पोजवळ आलो. "कमी केले की नाही?" मी पोरीला म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मॅनेजमेंटच्या सीटला शिष्यवृत्ती मिळत नाही, मम्मी. कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळते. मी तेच सांगत होते."

"पण तिथे नंबर लागायचा नाही ना?"

"इथे नाही लागणार. लांबच्या कॉलेजांत मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहतात. मी नावं काढून ठेवलीत." मग म्हणाली, "डोकं बेताचं आहे माझं. पण एवढं वाचता येतं."

मी टेम्पोचा दरवाजा धरून उभी राहिले. गुणपत्रक पेनने ढकललं, ती लाथ होती. मालाला मारतात तीच. रोज मी मारते, आणि मला ओळखू आली नाही. त्याने एकच मारली. बाकीच्या मी मारल्या.

मी परत आत गेले. पोरगी मागोमाग आली.

"कागद द्या."

"जमा झालेले कागद परत मिळत नाहीत."

मी खुर्ची ओढली आणि बसले. "कंपन्यांच्या गेटवर दिवसभर उन्हात बसलेली बाई आहे मी. इथे तर एसी आहे. कागद हातात येईपर्यंत उठत नाही. आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्या आईबापांना इथूनच ओरडून सांगते, या सीटला शिष्यवृत्ती नाही म्हणून."

"आवाज खाली, बाई!"

"नाही होत."

दाराबाहेरची माणसं आत डोकावू लागली. त्याने फाईल टेबलावर आपटली. "घेऊन जा. पोरीलाही भंगारच उचलायला लावा."

"आपटू नका. उचला आणि तिच्या हातात द्या."

त्याने दिली.

कॉलेजांची नावं पोरीने स्वतः भरली. मी शेजारी गप्प बसले. शेवटच्या राउंडला सोलापूरकडे मेकॅनिकलला नंबर लागला. शिष्यवृत्तीचा अर्ज गेलाय, मंजुरी अजून नाही. ती फोन करते, जेवलीस का विचारते. त्या केबिनचं कधी काढत नाही. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तिथे घासाघीस करायचं तोंड मला नाही.

पण प्रवेश पुन्हा सुरू झाले की माझा टेम्पो त्या कॉलेजच्या फाटकासमोर उभा राहणार. आत जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगणार, आधी शिष्यवृत्तीचं विचारा, कागद नंतर काढा. आणि लेकरासमोर लेकराला नावं ठेवू नका. त्या पुतण्याला चालत नसेल तर त्याने केबिनमधून बाहेर यावं आणि मला हटवून दाखवावं.