मागच्या बोळातला भुईचाफा

यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं: आमच्या दारातला भुईचाफा बायकोच्या हातून मेला नव्हता. तो मी उकरून टाकला होता.

कंद सासूबाईंनी दिले होते, गारगोटी गावच्या त्यांच्या परड्यातल्या मातीसकट. भुईचाफा दिवाळीनंतर पानं टाकून जमिनीखाली पडून राहतो आणि उन्हाळ्यात आधी फूल काढतो, मग पान. मला हे ठाऊक नव्हतं. बायको माहेरी गेली असताना मी गाडीसाठी दारात पेव्हिंग ब्लॉक बसवून घेतले. वाफा उघडाबोडका दिसत होता, म्हणून त्यातली माती खोऱ्यानं ओढून मागच्या बोळात टाकली. ती परतून कंद शोधू लागली तेव्हा चूक कळली, पण म्हणालो, "कंद कुजले होते. पाणी जास्त झालं असणार."

पाणी तीच घालायची.

पुढं एका बारशाच्या पंगतीत सासूबाईंनी सगळ्यांसमोर सुनावलं, "हिच्या हाताला गुणच न्हाय. दगडात येणारं झाड हिनं मारलं!" सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर तिनं तुळससुद्धा स्वतः लावली नाही, शेजारणीला बोलवायची.

यंदा भिंतीला ओल येते म्हणून ब्लॉक काढले आणि बाग करायचं ठरलं. गडमुडशिंगीच्या वाटेवरच्या नर्सरीत मी इथलीच, एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकणारी झाडं मागितली. अडुळसा, निर्गुंडी, शतावरी. पाणी कमीजास्त झालं तरी तगतील, पुन्हा कुणावर आळ यायला नको.

नर्सरीवाला हसला. "पावणं, ही तर आमच्या बांधावर फुकट उगवत्यात की! चार रंगीत पानांची न्या."

"हीच द्या," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्हीच लावा. माझा हात नको." आणि पाण्याची नळी आणायला मागं गेली. तिथूनच ओरडली, "अहो, इकडं या आधी!"

बोळात, भिंतीच्या कडेला, कोरड्या मातीतून थेट फुलं वर आली होती. पांढरी, आत जांभळी. पावसाळ्यात तिथं पानं यायची, ती रानहळद समजून मी दरवर्षी कापत होतो. उन्हाळ्यात त्या बोळात कोण जातंय!

"आपोआप आला बघा," ती म्हणाली.

तेवढ्यावर मी सुटलो असतो. पण ती लांबूनच वाकून बघत होती, दोन्ही हात पाठीमागं धरून. ते बघवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

तिनं पाठीमागचे हात पुढं घेऊन बघितले. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या हाताला काय झालं नव्हतं?"

"नाही."

"आणि पंगतीत तुम्ही हसला."

"हसलो."

वाटलं, आता रडेल. तिनं पदर खोचला. "तो अडुळसा आणा इकडं. आणि तुम्ही लांब थांबा. मातीला हात लावायचा न्हाय!"

संध्याकाळपर्यंत ती लावत होती आणि मला बोल लावत होती. त्या रात्री मी एक भाकरी जास्त खाल्ली.

अडुळसा जगलाय. शतावरी खिडकीच्या गजांवर चढली आहे. सासूबाईंना मात्र अजून काही सांगितलेलं नाही. ते भरल्या पंगतीत, सगळ्यांसमोर सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.