केराबाईंची बिनचुलीची सुट्टी

श्रीलंकेला जायचं ठरलं तेव्हा सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या केराबाईंनी एकच अट घातली. "मी यीन, पन तितं तव्याला हात लावनार न्हाय. जे मिळंल ते खायाचं. कबूल असंल तर तिकीट काढ."

अट घातली लेकीला, ऋतुजाला. रोख होता नवऱ्यावर. धुळाप्पा महानगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. हयातभर त्यांनी अख्ख्या पेठेला पाणी सोडलं, पण केराबाईंच्या हातची ज्वारीची भाकरी काही सोडली नाही. लग्नाच्या पंगतीतून उठून घरी आले तरी 'अर्धी टाक' म्हणायचे. सासुरवाडीला गेले तर तिथंही केराबाईंनीच थापायची, कारण मेहुणीची भाकरी म्हणे जाड.

केराबाई सांगोल्याकडच्या मेंढपाळाची लेक. लहानपणी मेंढरांमागे हिंडताना तीन दगडांवर भाकऱ्या थापल्या, लग्नानंतर स्टोव्हवर, मग गॅसवर. सुट्टी मिळाली ती बाळंतपणात, आणि एकदा हात मोडला तेव्हा. हात मोडलेले दिवस त्या अजूनही हरखून सांगतात.

धुळाप्पांनी बिरोबाची आण घेऊन अट कबूल केली. असली आण घ्यायला पुरुषांच्या जातीला काय लागतं! फक्त निघताना त्यांनी सोलापुरी चादर बरोबर घ्यायचा हट्ट धरला. जिथं उकाड्यानं अंगावरची कातडीसुद्धा काढून ठेवावीशी वाटते, तिथं चादर! पण गडी ऐकेना, म्हणून घेतली.

समुद्राकाठच्या एका घरात ते उतरले. घरमालकिणीनं पहिल्या सकाळी आप्पं वाढली. नाव ओळखीचं, पण आपल्या आप्प्यांशी त्याचं सोयरसुतक नाही. तांदळाच्या पिठाची पातळ, वाडग्याएवढी खोलगट, कडेला कुरकुरीत, मधे लुसलुशीत, आणि त्या खळग्यात अख्खं अंडं फोडलेलं. बरोबर लाल मिरची घालून ठेचलेलं ओलं खोबरं. केराबाईंनी एक खाल्लं, दुसरं घेतलं, तिसऱ्याला मालकीणबाई स्वतःच हसून वाढायला आली. दुसऱ्याच्या हातचं गरम गरम आयतं पानात पडतंय या सुखानं त्यांचा चेहरा उजळला होता.

धुळाप्पांनी आप्पं उलटंपालटं करून पाहिलं. "तवा वाकडा हाय वाटतं बाईचा."

मग तांदळाच्या शेवयांच्या वाफवलेल्या चकत्या आल्या. "ह्यो गुंता कुटनं सोडवायचा?" फणसाची रस्साभाजी आली. "फनस आंबा खाल्ल्यागत खायाचा, त्याचं कालवन कुनी सांगितलंय?" नारळाच्या दुधातला मासा आला, तर म्हणे, "दुदात मासं? आजारी हायती व्हय?" केराबाई यातलं सगळं चाटूनपुसून खात होत्या. धुळाप्पा केळी खात होते. त्या बेटावर केळी नाना जातींची मिळतात हे सोलापूरला त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चादरीची गुंडाळी सोडली. आतून ज्वारीच्या पिठाची पिशवी निघाली.

"फकस्त दोनच टाक," ते मान खाली घालून म्हणाले. "मालकिनीचा गॅस हाय की हितं."

केराबाईंना रडू आलं, आणि ते रागानं आलं. दोन भाकरी म्हणजे काय, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आज दोन, मग सकाळ-संध्याकाळ, आणि समुद्र राहिला खिडकीत.

"आप्पा, शपथ घेतली होती तुम्ही!" ऋतुजा कडाडली. "आई, तू अजिबात करायचं नाहीस."

पण केराबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. गालफडं बसलेली, केळ्यानं तोंड गोड होऊन होऊन विटलेला माणूस. उपाशी माणूस त्यांना बघवत नाही, हीच त्यांची जन्माची खोड. "उद्या सकाळी देते करून," त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन लाटांकडं बघत बसल्या. सुट्टी संपली, असं त्यांनी मनाशी धरलं.

संध्याकाळी ऋतुजा दोघांना बाजारात घेऊन गेली. एका गाडीवरून टक्-टका-टक् असा दणदणाट येत होता. दोन्ही हातांत लोखंडी पाती घेऊन एक माणूस तव्यावर काहीतरी सपासप तोडत होता. आवाजाला धुळाप्पा भुलले. व्हॉल्व्हवर हातोडी मारण्यात आयुष्य गेलेलं. तव्यावर कांदा होता, हिरवी मिरची होती, अंडं होतं, वरून मटणाचा रस्सा पडला. वास आला तसा त्यांचा धीर सुटला.

"ह्ये काय?"

"कोत्तू," ऋतुजा म्हणाली. "खाऊन तर बघा."

पहिल्या घासाला ते थबकले. दुसऱ्याला बाकावर मांडी घालून बसले. मग कपाळावर घाम, नाकाला पाणी, आणि प्लेटीवरून मान वर नाही.

"लई भारी!" ते म्हणाले. "ह्याला म्हंत्यात खानं! सगळ्या बेटात ह्योच एक शाना आचारी. आन तू? उभ्या जन्मात असलं कदी करून घातलं न्हाईस मला."

केराबाईंनी तव्याच्या कडेची सकाळच्या चपात्यांची चवड केव्हाच पाहिली होती. त्या आधी हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

"अवो, कुस्करा हाय त्यो. शिळी चपाती मोडून, कांदा-मिरची घालून. मटन तेवढं जादा. मी रोजच करते की. रातची उरलेली भाकरी कुस्करून. तुमी व्हॉल्व्हवर गेला का मग. आता आंगुळीला गेला का मग."

धुळाप्पांचा चमचा हवेतच राहिला. "मग मला कदी वाडला न्हाईस?"

"तुमाला शिळं कसं वाडू?"

इतक्या वर्षांत बायको सकाळी काय खाते, हे धुळाप्पांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी उरलेली प्लेट हळूच तिच्याकडं सारली.

केराबाईंनी ती परत ढकलली. "न्हाय. माजा कुस्करा जलमभर पोटभर खाऊन झालाय. तुमचं ऱ्हायलंय, तुमी खावा. आन मला त्यो नारळाच्या दुदातला मासा सांगा. ताजा, गरम."

"उद्याची भाकरी ऱ्हाऊ दे," म्हणत धुळाप्पा हात पुसत उठले आणि मासा सांगायला स्वतः शेजारच्या गाडीवर गेले.